जड पाण्याची आठ घरं

वॉशिंग मशीन पाण्याने खराब होतं असं मी सांगितलं, की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघायचं. "उद्या म्हणाल, चूल जाळाने खराब होते," असं एका बाईंनी मला तोंडावर सुनावलं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. नाशिककराला पाण्याबद्दल शिकवायला गेलं की तो गंगापूर धरणाकडे बोट दाखवतो, आणि धरणाचं पाणी खरोखरच चांगलं आहे. पण मी सांगतोय तो काळ नव्वदच्या दशकाचा. इंदिरानगरच्या बाजूला इमारती इतक्या भराभर उभ्या राहत होत्या, की माणसं आधी राहायला जायची आणि नळाचं पाणी मागून रखडत यायचं. बिल्डर जागेच्या एका कोपऱ्यात खोल बोअर मारून द्यायचा. ते पाणी गच्चीवरच्या टाकीत चढायचं आणि तिथून न्हाणीघरात उतरायचं. धरणाचं पाणी सकाळी तासभर, तेही स्वयंपाकघरातल्या एकाच नळाला. एका घरात दोन पाणी. एकात डाळ शिजायची, दुसऱ्यात तिच्या शिट्ट्या मोजता मोजता बाई थकायची. आणि वॉशिंग मशीन ठेवलेलं असायचं न्हाणीघरात, म्हणजे नेमकं त्या दुसऱ्या पाण्यावर.

मी आधी अंबडला एका कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करत होतो. तो बंद पडला, तेव्हा वॉशिंग मशीनच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागलो आणि पुढची एकवीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरात गुडघे टेकून काढली. माणसाच्या घरात दिवाणखाना सोडून थेट न्हाणीघरात ज्याला प्रवेश मिळतो, त्याला त्या घराबद्दल बरंच कळतं. ते सगळं लिहिण्यासारखं नसतं.

आधी धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं आणि येताना क्षार विरघळवून आणतं. अशा पाण्याला आम्ही जड पाणी म्हणतो. दिसायला ते नितळ असतं. बाटलीत घेऊन त्यात साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकावेत आणि बाटली हलवावी. हलकं पाणी असेल तर वरपर्यंत फेस येतो, जड असेल तर पाणी दुधट होतं आणि वर साय धरल्यासारखी घाण तरंगते. माझ्या पिशवीत अशी एक बाटली कायम असायची. थंड असताना हे पाणी फारसा त्रास देत नाही. तापवलं की क्षार बाहेर पडतात आणि जे गरम असेल त्याला चिकटतात. जुन्या बंबाच्या तळाला पांढरी खपली धरलेली पुष्कळांनी पाहिली असेल. मशीनमध्ये ही खपली धरते हीटरवर. थर वाढत गेला की हीटरने गोधडी पांघरल्यासारखं होतं. आतली उष्णता पाण्यात जात नाही, पाणी तापायला तास तास लागतो, आणि शेवटी हीटर स्वतःच्याच उष्णतेने जळतो. मी बाहेर काढलेले काही हीटर खारकेएवढे जाड झालेले होते.

साध्या, हीटर नसलेल्या मशीनला याचा त्रास कमी. पण त्या सुमारास पुढून दार उघडणारी, पाणी आपोआप तापवणारी मशीन बाजारात आली, आणि आमच्या फोनची घंटा थांबेना. एक गृहस्थ रिसीव्हर मशीनजवळ धरून म्हणायचे, "ऐका, कसं कण्हतंय बघा," आणि मी ऐकायचो. दुसऱ्या एकांची वणीला शेती होती. तिथल्या विहिरीचं पाणी हलकं आहे हे कळल्यावर ते दर रविवारी स्कूटरला दोन कॅन बांधून पाणी आणायचे आणि मशीनला तांब्यातांब्याने पाजायचे. त्यांचा हीटर कधीच गेला नाही. स्कूटरचे शॉकॲब्सॉर्बर गेले.

हे झाले हसण्यासारखे. खैरनारांचं घर तसं नव्हतं.

दत्तात्रय खैरनार अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते. इंदिरानगरच्या एका तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. घरात ते, त्यांच्या पत्नी सुनंदाताई आणि खैरनारांचे वडील. मूलबाळ नव्हतं. वडील सटाण्याकडचे, तिथली शेती थोरल्या भावाकडे. त्यांचं एक अंग अर्धांगाने गेलं, तेव्हा उपचारासाठी त्यांना नाशिकला आणलं आणि ते इथेच राहिले. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माझ्या पावलांचा आवाज ओळखायचे. "कोन शे?" असं आतून विचारायचे, मी नाव सांगितलं की "बठ, भाऊ," म्हणायचे. तेवढंच. त्यांना माझ्याशी दुसरं काही बोलायचं नसे, पण मी बसलो की नाही याची खात्री त्यांना हवी असे.

ते मशीन म्हाताऱ्यासाठीच घेतलेलं होतं. दिवसाला दोन-दोन, तीन-तीन चादरी निघायच्या, आणि त्या गरम पाण्यातच धुवायला हव्यात असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सुनंदाताईंनी सहा महिने हाताने धुतल्या. मग त्यांच्या बोटांना भेगा पडल्या, भेगा चिघळल्या, आणि खैरनारांनी मशीन आणलं.

पहिला हीटर पाच महिन्यांत जळला. वॉरंटी होती, मी बदलून दिला. त्याच वेळी मी बाटली हलवून दाखवली, जड पाणी आहे म्हणालो, पण त्यावर काय करायचं ते नीट सांगितलं नाही. खरं म्हणजे तेव्हा मलाच ते नीट माहीत नव्हतं. चार महिन्यांनी पुन्हा तक्रार आली, पाणी तापत नाही. मी उघडून बघितलं, हीटर चालू होता पण पांढऱ्या खपल्यांनी पूर्ण मढलेला होता. एव्हाना आमच्या मॅनेजरने नवा नियम सांगितला होता. खपली दिसली की कागदावर 'पाण्याचा दोष' लिहायचं, म्हणजे वॉरंटी लागू नाही. मी तसं लिहिलं आणि खैरनारांची सही घेतली.

सही करून त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आम्ही काय करायचं, विसपुतेभाऊ?"

मी दारात चपला घालत होतो. त्या दिवशी अजून चार घरं बाकी होती. मी म्हणालो, "थर काढायला पाहिजे. आम्ही वर्कशॉपला ॲसिडमध्ये काढतो. दहा मिनिटांत लख्ख होतो."

एवढं बोलून मी जिना उतरलो.

वर्कशॉपला आम्ही काय करायचो, ते सांगतो. हीटर मशीनमधून सोडवायचो. बाहेर अंगणात, प्लॅस्टिकच्या बादलीत, भरपूर पाण्यात थोडं ॲसिड घालून त्यात बुडवायचो. तोंडाला फडकं बांधायचो. मग स्वच्छ धुऊन परत बसवायचो. यातलं मी खैरनारांना काय सांगितलं? 'ॲसिड' आणि 'दहा मिनिटं'.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली मशीनच्या ड्रममध्ये ओतली, गरम पाण्याचं बटण दाबलं आणि ते दळण आणायला गिरणीत गेले. कारखान्यात ते रोज लोखंड हाताळायचे, ॲसिडने गंज निघतो हे त्यांना ठाऊक होतं. ड्रमच्या पाठीमागचा आधार ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲसिड त्याला खाऊन टाकतं, हे मात्र त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सुनंदाताई स्वयंपाकघरात होत्या. न्हाणीघरातून उग्र वास आला, बघायला गेल्या, तर श्वासच कोंडला. न्हाणीघराला लागूनच म्हाताऱ्याची खोली. बाईंनी बाहेर पळायचं सोडून आधी त्या खोलीचं दार लावलं, ओला टॉवेल दाराच्या फटीला दाबून बसवला, मग परत न्हाणीघरात शिरून खिडकी उघडली आणि मशीनचा प्लग काढला. शेजारच्या बाईंना त्या दारात पडलेल्या सापडल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या. म्हाताऱ्याला खोकलासुद्धा आला नाही. सगळ्या इमारतीत बाईंचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं.

मला हे कळलं चौथ्या दिवशी. मशीनमधून विषारी वायू आला, अशी तक्रार इमारतीतल्या कुणीतरी कंपनीकडे केली होती. पुण्याहून एक इंजिनिअर चौकशीला आले आणि मला बरोबर घेऊन खैरनारांकडे गेले. त्यांनी मशीन उघडलं, ड्रमचा आधार पिठासारखा भुगा झालेला पाहिला, आणि उठून हात धूत विचारलं, "ॲसिड टाकायला कुणी सांगितलं?"

खैरनारांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "कुणी नाही साहेब. आम्ही कारखान्यात लोखंडाचे जॉब ॲसिडनेच साफ करतो. माझंच डोकं चाललं."

इंजिनिअरनी 'ग्राहकाची चूक' असं लिहिलं. मी तिथेच उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. घरी दोन मुली शिकत होत्या, नोकरी गेली असती तर काय, हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलं. त्या क्षणी डोक्यात मुलीबिली काही नव्हतं. नुसती भीती होती.

साहेब खाली जीपकडे गेले. अवजारं गोळा करायचं निमित्त करून मी मागे थांबलो आणि खैरनारांना विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

"काय खरं? तुम्ही अर्धं सांगितलं, मी अर्धं ऐकलं," ते म्हणाले. "दोघांनी मिळून एक चूक केली. त्यात तुमची नोकरी घालवून माझं मशीन थोडंच चालू होणार आहे?"

मी हात जोडायच्या बेतात होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाताई बोलल्या. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता, शब्द घासत बाहेर येत होते.

"श्वास माझा कोंडला होता. माफ यांनी करून टाकलं."

खैरनार म्हणाले, "अगं, झालं ते झालं ना."

"झालं नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्या बिल्डिंगीत आणखी आठ घरांत हे मशीन आहे. सगळ्यांना हेच पाणी. उद्या त्यांनाही कुणीतरी दारात उभं राहून ॲसिड सांगेल. तुम्ही प्रत्येक घरी जायचं, बसायचं, आणि सगळं सांगायचं. काय करायचं, काय नाही, आणि यांना काय सांगितलं होतं तेसुद्धा. मी बरोबर येईन."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आता प्रश्न असा होता, की सगळं सांगायचं म्हणजे काय सांगायचं. तो आठवडाभर मी शाळेत जाणाऱ्या पोरासारखा अभ्यास केला. अंबडच्या ओळखीने एका कारखान्यातल्या बॉयलरवाल्या माणसाला भेटलो. बॉयलरचं आणि हीटरचं दुखणं एकच, फक्त बॉयलर मोठा. त्याने मला दोन तास समजावलं. आमच्या वर्कशॉपमध्ये मी चार जुने हीटर वेगवेगळ्या पाण्यात बुडवून ठेवले. भुसाराच्या दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाने, म्हणजे मिठाईवाले आणि सरबतवाले वापरतात त्या पांढऱ्या खड्यांनी, खपली सावकाश पण पूर्ण सुटते आणि धातूला फारसा धक्का लागत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग एक कागद मराठीत लिहून काढला. महिन्यातून एकदा, मशीन रिकामं ठेवून, शंभर ग्रॅम लिंबूसत्व ड्रममध्ये टाकून गरम पाण्यावर चालवायचं. त्यानंतर एकदा साध्या पाण्यावर चालवायचं. रोजच्या धुण्याला साठ अंशांच्या वर पाणी तापवायचं नाही, कारण जितकं गरम तितकी खपली जास्त. पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी जाळी असते ती काढून धुवायची. संडासचं ॲसिड मशीनच्या आसपाससुद्धा आणायचं नाही. ज्यांना जमेल त्यांनी पाणी हलकं करणारं यंत्र बसवायचं, त्यात वेळोवेळी मीठ घालावं लागतं.

कागदावर सेंटरचा शिक्का मारून द्या, असं मी मॅनेजरला म्हणालो. त्याने कागद वाचला. "हे सांगत बसलास तर हीटर कोण घेणार?" असं विचारलं आणि कागद परत दिला. मी बिनशिक्क्याचाच झेरॉक्स केला.

दोन रविवार आम्ही घरं केली. पहिल्या घरी मी नुसती माहिती सांगून उठायला लागलो, तर सुनंदाताई जागच्या हलल्या नाहीत. "आणि?" म्हणाल्या. मी परत बसलो आणि म्हणालो, "खैरनारांना ॲसिडचं मीच बोललो होतो. अर्धवट बोललो होतो." यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं काही बघितलं, की एकवीस वर्षांतली कुठलीही शिवी मला एवढी लागलेली नाही. दुसऱ्या घरी ते सांगणं थोडं सोपं गेलं. चौथ्या घरी एक आजोबा म्हणाले, "अहो, चुकता तुम्ही आणि व्याख्यान आम्हाला?" पाचव्या घरी चहा मिळाला नाही. सहाव्या घरात त्यांनी मशीन उघडून हीटर बघायला लावला, खपली धरलेलीच होती. आम्ही तिथेच लिंबूसत्व टाकून मशीन चालवलं. पाऊण तासाने पाणी सोडलं तेव्हा मोरीत चुन्याच्या निवळीसारखं पांढरं पाणी आलं. घरातली सगळी माणसं मोरीभोवती गोळा होऊन बघत होती.

पहिल्या रविवारनंतरच मी मॅनेजरला सगळं सांगून टाकलं. नाहीतरी इमारतीतून ते आमच्या कचेरीत पोचलंच असतं.

"तुला कुणी विचारलं होतं का?" तो म्हणाला.

"नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

त्याने मला काढलं नाही, पण बाहेरची कामं बंद केली आणि सुट्या भागांच्या काउंटरवर बसवलं. सहा महिने मी नटबोल्ट मोजले. मग हळूहळू इंदिरानगरमधून फोन यायला लागले की तो कागदवाला मेकॅनिक पाठवा, आणि त्याने मला परत बाहेर सोडलं. कंपनीने पुढे कधीतरी असाच एक रंगीत कागद इंग्रजीत छापला. त्यात लिंबूसत्वाचं नाव नव्हतं, कंपनीच्याच पावडरीचं होतं. चालायचंच.

खैरनारांचं मशीन मी भंगारात निघालेल्या दुसऱ्या मशीनचा ड्रम टाकून उभं केलं. शिवाय न्हाणीघरावरच्या माळ्यावर एक प्लॅस्टिकचा पिंप बसवला. सकाळी धरणाचं पाणी आलं की स्वयंपाकघरातल्या नळाला रबरी नळी लावून तो भरून घ्यायचा आणि त्यावर मशीन चालवायचं. माळ्यावरून पाण्याला जोर कमी, म्हणून आत पाणी घेणाऱ्या व्हॉल्व्हमधली रबरी चकती काढून टाकली. मशीन भरायला दुप्पट वेळ लागायचा, पण भरायचं. म्हातारा त्यानंतर तीन वर्षं जगला आणि तेवढ्या काळात मला तिथे हीटरसाठी एकदाही जावं लागलं नाही. माझ्या नोकरीतलं हे एकच काम असं आहे, जे कुणी विचारलं तर मी अभिमानाने सांगतो. आणि ज्याचं कारण सांगायची वेळ आली, की मी सुरुवातीला थोडा अडखळतो.

पण आठवं घर सांगायचं राहिलं.

ते तिसऱ्या मजल्यावर, देवरे मॅडमचं. मॅडम हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. त्यांनी आम्हाला बसवलं, चष्मा लावला, माझा कागद ओळ न् ओळ वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मी माझी कबुली दिली. एव्हाना ती पाठ झाली होती, त्यामुळे बरीच सफाईदार झाली होती. मॅडमनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण मला एक समजत नाही. नुसत्या त्या ॲसिडने डोळ्यांत पाणी येईल, घसा जळेल. माणूस तीन दिवस दवाखान्यात पडेल, इतकं व्हायला त्यात आणखी काहीतरी मिसळावं लागतं. मशीनमध्ये दुसरं काही होतं का?"

मी म्हणालो, "धुण्याची पावडर असेल उरलेली." खरं तर मी हे स्वतःला विचारायला हवं होतं. मशीन माझ्यासमोर उघडलं होतं, धंदा माझा होता. पण सगळा दोष माझ्याच वाट्याला आल्यावर मी पुढे शोधायचं थांबवलं होतं. दोष पत्करल्यावरही माणूस आळशी होऊ शकतो.

सुनंदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "ब्लीच होतं."

मॅडमनी चष्मा काढला.

"मी टाकलं," त्या म्हणाल्या. "वास आला म्हणून बघायला गेले. वाटलं, यांनी बाबांच्या चादरी टाकल्यात आणि चादरींचाच वास येतोय. चादरींचं ब्लीच तिथंच होतं. अर्धी बाटली पावडरीच्या खणात ओतली. पाणी आत गेलं आणि पिवळट धूर यायला लागला. मग मला कळलं." त्यांनी बोटाचा पदर सोडला. "सगळे म्हणत होते, सुनंदाने सासऱ्यांना वाचवलं. दवाखान्यात नर्सबाईसुद्धा म्हणाली. मला बोलताच येईना. आणि आवाज बसला होता, ते बरंच होतं."

मॅडमनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कागदाच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. ब्लीचबरोबर लिंबूसत्वसुद्धा नाही.' कागद परत देताना म्हणाल्या, "हे तुमच्यात नव्हतं. आधीच्या सात घरी परत जा."

आम्ही जिना उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्यावर सुनंदाताई कठड्याला धरून थांबल्या. "यांना माहीत नाही," म्हणाल्या. मला वाटलं, त्या मला गप्प राहायला सांगणार. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही बरोबर या. मी एकटीने सांगायला गेले तर पुन्हा राहील."

घरी खैरनार पलंगावर वडिलांच्या शेजारी बसून त्यांना चमच्याने खिचडी भरवत होते. बाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी ब्लीच मी ओतलं होतं."

खैरनारांचा चमचा मध्येच थांबला. मग त्यांनी तो म्हाताऱ्याच्या तोंडात दिला, ओठाच्या कडेला सांडलेलं पुसलं आणि म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"बाटली मोरीपाशी पडली होती, झाकण उघडं. मी दवाखान्यातून कपडे न्यायला आलो तेव्हा बघितली. साहेब यायच्या आधी नेऊन टाकली."

इतके दिवस मी समजत होतो की या माणसाने माझी नोकरी वाचवली. रात्री झोपताना त्याच्या मनाच्या मोठेपणाचा विचार करत होतो. त्याने आपल्या बायकोवर चौकशी येऊ नये म्हणून सगळा दोष स्वतःवर ओढला होता, आणि त्या आडोशाला मी आपसूक येऊन उभा राहिलो होतो. मला वाईट वाटलं नाही. उलट, इतके दिवस खांद्यावर असलेलं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"मग बोलला का नाहीत?" सुनंदाताईंनी विचारलं.

"तू बोलशील तेव्हा बोलशील, म्हटलं," खैरनार म्हणाले.

बाई दाराच्या चौकटीला टेकून तशाच खाली बसल्या आणि रडायला लागल्या. इंजिनिअरसमोर नाही, आठ घरांत नाही, तोपर्यंत मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना.

म्हाताऱ्याने मान वळवायचा प्रयत्न केला. चांगला हात गादीवर दोनदा आपटला.

"काय व्हयनं तिले?" त्यांनी मुलाला विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "पानी दे रे तिले."

खैरनार वाटी खाली ठेवून उठले. मी दार ओढून घेतलं आणि पहिल्या घराकडे गेलो, मॅडमचं वाक्य सांगायला.